निर्गंध बोंबील

५ नोव्हेंबर

निवृत्त झाल्यापासून डायरी लिहिली नव्हती. लॅबमध्ये रोजची नोंद करायची सवय होती, ती सुटली. आजपासून पुन्हा, कारण नवीन काम हाती घेते आहे आणि नोंद नसलेलं काम म्हणजे नुसत्या गप्पा.

काम का, ते आधी. दिलीपची बायपास जूनमध्ये झाली. जखम भरली, भूक परत आली नाही. पोळीचे चार घास खातो आणि उरलेली ताटाच्या कडेला सरकवतो. भात चिवडतो. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं, तेही आता सैल होतं आहे. काल डॉक्टर म्हणाले, औषधं बरोबर आहेत, हा माणूस जेवत नाही. असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल. आवडतं ते द्या, मीठ तेवढं बेतानं.

घरी आल्यावर दिलीपला सरळ विचारलं, काय आवडतं? लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर हा प्रश्न विचारायची वेळ यावी, पण विचारला. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सुका बोंबील. भाजलेला." मग लगेच, "राहू दे. सहज म्हणालो."

आमच्या घरी सुकं होत नाही. सासूबाई गेल्या तेव्हापासून बंद आहे. मी सातारची. मासे शिजवायला लग्नानंतर शिकले, खायला शिकले नाही. ताजी मासळी अजूनही करून देते, हातमोजे घालून. पण सुक्याचा वास पडद्यांना आठवडाभर सोडत नाही. शिवाय सोसायटीचा नियमच आहे की उग्र वासाचे पदार्थ सदनिकेत भाजू नयेत. दोन वर्षांपूर्वी कमिटीत ठराव झाला. शब्द माझे आहेत, कारण कमिटीतल्या एकालाही सरळ वाक्य लिहिता येत नव्हतं.

पण मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. वास म्हणजे भूत नव्हे. तो एक पदार्थ असतो, आणि पदार्थ काढता येतो.

९ नोव्हेंबर

बेलापूरजवळच्या दिवाळे गावातल्या बाजारात जाऊन बोंबील आणले. दिलीपच्या कचेरीत हिरामण म्हणून ड्रायव्हर होता, तो दिवाळ्याचा. निवृत्त झाला तरी दोघांचं अजून फोनवर चालू असतं. त्याची बायको गोजरा बाजारात सुकी मासळी विकते. तिच्याकडूनच घेतले. मी नाकाला रुमाल लावून उभी होते.

तिनं विचारलं, एवढं मावरं कशाला, लग्न हाय का घरात? मी सांगितलं की धुऊन त्याचा वास घालवायचा आहे. तिनं शेजारच्या बाईकडे बघितलं आणि मला गंभीरपणे विचारलं, "पावडर कंची वापरनार बाय, कपड्यांची का भांड्यांची?"

दोघी बराच वेळ हसत होत्या. मी बोंबील निवडून घेतले.

१८ नोव्हेंबर

घरात हे काम होणं शक्य नाही. महाप्याला कुंदन म्हणून एकाचे गाळे आहेत, आमच्या जुन्या कंपनीला त्याच्या वडलांनीच जागा दिली होती. मसाला दळण्याच्या गाळ्यामागची खोली त्यानं वापरायला दिली. काय करणार विचारलं. सांगितलं. म्हणाला, "मॅडम, तुमी पेंटमध्ये होता तेच बरं होतं."

सुक्या मासळीचा वास येतो अमाइनमुळे. ते अल्कधर्मी असतं. आम्लाच्या पाण्यात भिजवलं की बसतं. लिंबाचं पाणी, मग कोकमाचं, मग वाफ, मग ड्रायरमध्ये पुन्हा सुकवणं, शेवटी व्हॅक्यूम पॅकिंग. पहिल्या दोन खेपांचा लगदा झाला. तिसऱ्या खेपेला तुकडे जसेच्या तसे राहिले, रंग थोडा उतरला.

चाचणीही नीट केली. कुंदनच्या ऑफिसात नमिता हिशेब बघते. ती माशाच्या नावानंच तोंड फिरवते. तिच्या टेबलाखाली दिवसभर बशी ठेवली. तिला कळलं नाही. संध्याकाळी तिला निकाल सांगितला. ती आता माझ्याशी बोलत नाही, पण चाचणी निर्विवाद आहे.

२० नोव्हेंबर

आज दिलीपला दिलं. तव्यावर भाजलं, खिडकी उघडायचीही गरज पडली नाही. मी पहिल्यांदाच बोंबील भाजताना स्वयंपाकघरात शांतपणे उभी होते. बशी पुढे ठेवली. त्यानं तुकडा उचलला, नाकाजवळ नेला, थांबला, मग तोंडात टाकला. बराच वेळ चावत होता.

"वास येतो का?"

"अजिबात नाही," तो म्हणाला. "कमाल आहे."

एक तुकडा खाल्ला. बाकीचे उद्या खातो म्हणाला, आणि दहीभात मागितला. सुरुवात आहे. पाच महिने मंदावलेली भूक एका दिवसात येत नसते.

मला मात्र दुसराही विचार सुचला आहे. हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. खारघरच्या या उंच इमारतींमध्ये मासे खाणारी घरं किती आहेत, आणि शेजाऱ्यांच्या भीतीनं सुकं आणत नाहीत अशी किती. त्या सगळ्यांना हे हवंच असणार. नाव ठरवलं, ‘निर्गंध’.

१ डिसेंबर

रविवार. सोसायटीत घरोघरी जाऊन विचारलं. वास न येणारा सुका बोंबील मिळाला तर घ्याल का? एकही नाही म्हणाला नाही. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी तर माझे हात धरले. "काकू, हे कुणीतरी करायलाच हवं होतं." सगळं लिहून आणलं आहे.

गीतांजलीला फोनवर सांगितलं. मुलगी बंगळुरूला जाहिरातीच्या धंद्यात आहे, म्हणून तिला सगळं कळतं.

"आई, हो म्हणायला लोकांचं काय जातं?"

"लोक तोंडावर खोटं बोलत नाहीत."

"आई, तुझ्या तोंडावर सगळेच खोटं बोलतात."

मी फोन ठेवला. मग तिनं पुन्हा केला आणि बाबा जेवतात का ते विचारलं. सांगितलं, प्रयत्न चालू आहेत.

१२ डिसेंबर

फूड लायसन्स आलं. लेबलं आली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, चित्र नाही. चित्रांची गरज ज्यांना वाचता येत नाही त्यांना असते.

महाप्याला आठवड्यातून दोन दिवस पुरेत. कुठले, यावर मी विचार करत होते, तर दिलीपनंच सुचवलं, बुधवार-शुक्रवार ठेव. मधे एक दिवस विश्रांती मिळते तुला. आजारी माणसाला माझ्या विश्रांतीची काळजी आहे, हे चांगलं लक्षण आहे. त्या दिवशी तोही घरात एकटा बसणार नाही म्हणतो. मेट्रोनं बेलापूरपर्यंत जाऊन येईन, डबा गार असतो, बसायला मिळतं, तेवढंच पाय मोकळे होतील. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. मी हो म्हटलं.

घरी त्याच्यासाठी रोज एक पाकीट काढून ठेवते. दुपारी झोपून उठेपर्यंत पाकीट रिकामं झालेलं असतं. समोर बसून खायला त्याला आवडत नाही. आजारी माणसाच्या अशा तऱ्हा असतात. पाकीट संपलं, एवढं मला पुरे आहे.

४ जानेवारी

पहिला माल सोसायटीतच संपला. आनंद झाला होता. दुसऱ्यांदा कुणीही मागितलं नाही.

आज पुन्हा घरोघरी गेले. कुणी अजून उघडलंच नव्हतं. कुणी पाहुण्यांसाठी राखून ठेवलं होतं. एकीनं आत बोलावलं, चहा दिला, नातवाचे फोटो दाखवले, बोंबलाचा विषय निघू दिला नाही. हात धरणाऱ्या पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी पाकीट परत केलं. "काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण हे जुनं झालं असेल. वासच येत नाही."

मी लेबलाकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, हो, ते वाचलं, पण तरी.

लोकांना स्वतःला काय हवं ते कळत नाही. विचारलं तर एक सांगतात, दिलं की दुसरंच.

१९ जानेवारी

बचत गटांच्या मेळाव्यात टेबल घेतलं. दिवसभर उभी होते, पाय सुजले आहेत. माझ्या डावीकडे एक बाई गरम थालीपिठं लावत होती. तिच्यापुढे रांग होती आणि त्या रांगेतली माणसं माझ्या टेबलाला टेकून उभी राहत होती. एकजण तर माझ्या पाकिटांवर थालीपिठाची बशी ठेवून खात होता. त्याला हटवलं.

माझ्यापाशी जे थांबले त्यांनी पाकीट उचललं आणि प्रत्येकानं न चुकता ते नाकाला लावलं. मग खाली ठेवलं. मी सांगत होते, वास येणार नाही, तेच तर वैशिष्ट्य आहे. "हो का," म्हणत पुढे गेले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "नक्की बोंबीलच ना?" मी पारदर्शक बाजू दाखवली. तो म्हणाला, "दिसायला आहे."

दिलीप संध्याकाळी न्यायला आला. पिशवी त्यानं घेतली. मी म्हटलं, तू जड उचलू नकोस. तो म्हणाला, तशी जडच राहिली आहे. मग म्हणाला, चुकलं, असं बोलायला नको होतं. बरोबरच बोलला होता.

३० जानेवारी

चांगली बातमी. डॉक्टरांनी वजन केलं आणि दोनदा काटा बघितला. वाढलं आहे. रक्तही सुधारलं. काय दिलंत, असं त्यांनी मला विचारलं. मी पिशवीतून पाकीट काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. अमाइनचं समजावून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दिलीप त्या वेळी भिंतीवरचा हृदयाचा तक्ता वाचत होता.

म्हणजे माल चांगला आहे, यात आता वाद नाही. एका माणसानं नियमानं खाल्ला आणि त्याचा परिणाम दिसला. बाजाराला कळत नाही, हा बाजाराचा दोष आहे.

दिलीपच्या सवयीही सुधारल्या आहेत. बेलापूरहून आला की थेट बाथरूममध्ये जातो आणि आंघोळ करतो. पूर्वी सांगून करत नसे. फक्त फ्रिजमधली लिंबं फार लवकर संपतात. विचारलं तर सरबत करतो म्हणाला. पेला कधी विसळलेला दिसला नाही.

एक पक्कं गिऱ्हाईकही मिळालं आहे. चौदाव्या मजल्यावरचा निखिल, कॉम्प्युटरवाला, एकटाच राहतो. दर आठवड्याला घेऊन जातो. लिफ्टमध्ये भेटला की म्हणतो, "काकू, एकदम बेस्ट प्रॉडक्ट." तरुण पिढीला स्वच्छता कळते.

१५ फेब्रुवारी

दिवाळ्याला माल आणायला गेले. गोजरा वजन करता करता म्हणाली, "साहेबाचं गाल वर आलं गो आता. पयला नुसती हाडं व्हती."

मी म्हटलं, माझ्या बोंबलानं. ती म्हणाली, "तर. बोंबलानंच."

तिनं त्याला कुठे बघितलं, हे विचारायचं राहून गेलं. बाजारातून जाता-येता दिसला असेल.

२० फेब्रुवारी

थकले आहे. गीतांजलीच्या खोलीत पलंगापर्यंत खोकी आली आहेत. दुकानदारांनी ठेवून घेतलेला माल परत द्यायला सुरुवात केली आहे. एकानं सांगितलं, मासळी खाणारा हे घेत नाही आणि न खाणारा कशाला घेईल? मी त्याला चार गोष्टी सुनावल्या. त्यानं पाणी दिलं.

लॅबमध्ये असताना एक सोपं होतं. रंग कसा हवा ते वरून लिहून यायचं. तसा झाला की काम संपलं. तो कुणाच्या भिंतीला आवडतो की नाही, हे माझ्या टेबलापर्यंत कधी आलं नाही.

गीतांजली म्हणते, जो एकजण परत परत घेतो त्याच्याकडे जा, तो का घेतो ते विचार. सल्ला बरा आहे. रविवारी जाते.

२ मार्च

चौदाव्या मजल्यावर गेले. निखिलनं दार उघडलं, सोफ्यावरचे कपडे एका हातानं बाजूला केले. मी वही काढून विचारलं, तुम्ही हे कसं करता? चटणी, कालवण, की नुसतं भाजून?

तो गोंधळला. म्हणाला, "मी डायरेक्ट देतो काकू."

"कुणाला?"

तेवढ्यात सोफ्याखालून एक मांजर बाहेर आली, पाठोपाठ दुसरी. माझ्या पिशवीत डोकं घालायला लागल्या.

निखिल मनापासून बोलत होता. बाजारातल्या खाऊला घाण वास येतो, फ्लॅट बंद असतो, मीटिंग चालू असतात, तुमच्या ह्याला वास शून्य आणि मीठ नाही. त्याच्या मांजरवाल्या ग्रुपमध्ये सगळे विचारत आहेत. तुम्ही कॅट ट्रीट म्हणूनच बनवलं ना? लेबलवर लिहिलं नाहीये, म्हणून त्याला वाटलं छापायचं राहिलं.

मी विचारलं, हे मांजरांना द्यावं असं तुम्हाला कुणी सांगितलं?

"काकांनीच ना. खाली पार्किंगमध्ये ते रोज दुपारी घालतात. तिथल्या सगळ्या मांजरी ओळखतात त्यांना."

मी वही मिटली. त्यानं कॉफी विचारली, नको म्हटलं. जिन्यानं खाली आले. चौदा ते नऊ.

३ मार्च

दुपारी झोपले नाही. गॅलरीतून बघितलं. दिलीप पाकीट घेऊन खाली गेला, पार्किंगच्या कठड्यावर बसला. भुरी मांजर, काळी मांजर, एक पिल्लू. एकेक तुकडा मोडून घालत होता, भांडण होऊ नये अशा बेतानं. शेवटी पाकीट झटकलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

वर आल्यावर रिकामं पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, संपलं.

मी काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तोंडाशी आलेला प्रश्न मी सहसा परत पाठवत नाही.

प्रश्न एकच आहे. हे मांजरी खातात, तर मग दिलीपचं वजन कशानं वाढलं?

५ मार्च

बुधवार. दिलीप नेहमीसारखा मेट्रोला गेला. मी महाप्याला गेले नाही. पुढचा माल नको म्हणून गोजराला सांगायचं होतं, तर दिवाळ्याला गेले. ती बाजारात नव्हती. शेजारची म्हणाली, आज घरीच हाय, जेट्टीच्या वाटेवर घर आहे, निळं दार.

घराआधी मला शर्ट दिसला. गल्लीच्या तोंडाशी शेवग्याचं झाड आहे, त्याच्या फांदीला दिलीपचा चौकड्यांचा शर्ट हँगरला लावून टांगला होता. वाऱ्याच्या बाजूला, घरापासून दूर. दुसरं बटण मी शिवलेलं, दोऱ्याचा रंग थोडा वेगळा आहे.

मी भिंतीआड थांबले.

तो हिरामणच्या ओट्यावर बसला होता, मांडी घालून. अंगात नारळी पौर्णिमेच्या कुठल्यातरी मंडळाचा पिवळा टी-शर्ट. हिरामण घमेल्यातल्या निखाऱ्यावर बोंबील परतवत होता. धूर सरळ दिलीपच्या तोंडावर येत होता आणि तो बाजूला सरकत नव्हता. भाकरी मोडत होता, तोंडात घास असताना कचेरीतल्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होता. गोजरा हसून हसून दाराला धरून उभी होती. बोटं चाटून त्यानं ताट पुढे केलं.

"अजून एक टाक रे."

जूनपासून माझ्या घरात हा माणूस ‘अजून’ म्हणालेला नाही.

खाऊन झाल्यावर त्यानं अर्धं लिंबू घेतलं आणि एकेक बोट चोळलं. हात हुंगला. पुन्हा चोळलं. मग दुसरं अर्धं घेतलं.

मी रिक्षा करून परत आले. माल नको, हे सांगायचं राहिलं.

तो नेहमीच्या वेळी आला, आंघोळीला गेला. बाहेर आल्यावर मी विचारलं, मेट्रोत गर्दी होती का? नव्हती म्हणाला.

८ मार्च

काहीही केलं नाही. पडदे धुतले.

१२ मार्च

आज मी महाप्याला जात नाही म्हटल्यावर दिलीपनं पायात घातलेले बूट काढले. बरं, म्हणाला, मीही घरीच थांबतो.

महाप्याच्या कच्च्या मालातले चार बोंबील बांधून आणले होते, ते घेतले, न धुतलेले. जाळी गॅसवर ठेवली आणि भाजायला लागले. दिलीप धावत दारात आला.

"अगं, हे काय करतेस?"

"दिसतंय तुला."

"वास जाईल सगळीकडे. नियम आहे."

"माझ्या हातचा आहे. मला पाठ आहे."

इंटरकॉम वाजला. सेक्रेटरी मितेश. "काकू, नाइन्थ फ्लोअरवर कोनीतरी सुकं भाजतंय, कंप्लेंट आलीय. तुमी कमिटीत होता म्हनून विचारतो, कोन असेल?"

"मी."

"मग कंप्लेंट फॉरवर्ड कोनाला करू?"

"मलाच कर."

ताट वाढलं. तांदळाची भाकरीही केली, कडा फाटल्या. समोरच बसले. आता वास होता, धूर होता, मीठ बेताचं होतं. गोजराकडे जे होतं ते सगळं होतं. तरी त्यानं अर्धाच बोंबील खाल्ला. एक घास घ्यायचा, माझ्याकडे बघायचा, मग पुढचा. छान झालाय, असं दोनदा म्हणाला. पुरे म्हणाला.

भांडी घासायला उठले तेव्हा लक्षात आलं, माझा पदर नाकावर होता. पहिल्यापासून असावा.

१६ मार्च

निखिल त्याच्या ग्रुपमधल्या दोघींना घेऊन आला. त्यांना दर महिन्याला माल हवा आहे, तुकडे अजून लहान हवेत, आणि लेबलावर मांजर हवी. मी सांगितलं, मांजराचं चित्र मी छापणार नाही. माणसांसाठी केलेली वस्तू आहे. त्यांतल्या एकीनं फार अदबीनं विचारलं, "पण काकू, माणसं खातात का?"

गीतांजलीला फोनवर सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, आई, तुला स्वतःला जे हवं होतं ते तू बनवलंस, आणि फार चांगलं बनवलंस. मी म्हटलं, मला बोंबील नको होता. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

या मुलीचं बोलणं कधीकधी समजत नाही.

लेबलाचा नवा नमुना आला. कान फार मोठे काढले आहेत. दुरुस्त करायला परत पाठवला.

१९ मार्च

बुधवार. दिलीप दोन आठवडे कुठे गेला नाही. माझ्या डोळ्यांसमोर बसून मुकाट्यानं जेवतो, म्हणजे जेवत नाही. पट्टा पुन्हा आतल्या भोकावर गेला आहे. सकाळी पेपर उलटा धरावा तसा धरून बसला होता. मी समोर जाऊन उभी राहिले.

"हिरामणकडे जा."

"कशाला?"

"जेवायला."

पेपर खाली झाला नाही. त्याच्यामागून आवाज आला, "तुला गोजरानं सांगितलं?"

"कुणी सांगितलं नाही. आणि तो शर्ट झाडाला टांगू नकोस. अंगात घालून बस. घरात मशीन आहे."

मग त्यानं पेपरची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून. बूट घालायला त्याला फार वेळ लागला. लेस बांधून झाली तरी वाकलेलाच होता. दारात थांबून म्हणाला, "तू येतेस?"

"मला कामं आहेत," मी म्हटलं. खरंच होती. मांजराचे कान अजून नीट झालेले नाहीत.

पाचला परत आला. आंघोळीला गेला नाही, थेट खुर्चीत बसला आणि दोन भाकऱ्या खाल्ल्याचं आपणहून सांगितलं. मी दोन्ही खिडक्या उघडल्या. शर्ट मागून घेतला, हात लांब करून नेला आणि बाकीच्या कपड्यांपासून वेगळा भिजत टाकला.

पावडर थोडी जास्त लागेल.